सासूबाईंचा एक एकर आणि सूनबाईंची एक्सेल

या वेळचं पत्र अमळनेर तालुक्यातल्या एका सूनबाईचं आहे. नाव-गाव छापू नका म्हणालीये, नाही छापत. पत्र लांब होतं, मी थोडक्यात देते:

"मावशी, आमची चार एकर काळी जमीन, विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत, घरी एक गाय. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गावी आलो ते इथेच राहिलो. माझं बी.कॉम. झालंय म्हणून हिशोब मीच ठेवते, मोबाईलवर, एक्सेलमध्ये. तीन एकर कपाशी असते आणि एका एकरात सासूबाईंचं किरकोळ म्हणजे मूग, उडीद, तीळ, तुरीच्या काही ओळी, बांधाला अंबाडी-चवळी आणि नंतर तिथेच दादर, म्हणजे रब्बी ज्वारी. तीन वर्षांचे आकडे काढले तर तो एकर दरवर्षी मायनसमध्ये. मी जेवताना सहज बोलून गेले, आई तुमचा एकर तोट्यात आहे. हे म्हणाले मग यंदा चारही एकर कपाशीच लावू. झालं, आठ दिवस झाले सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलताहेत. सांगा, चुकलं कोणाचं? आणि लावायची का सगळी कपाशी? यांच्या डोक्यात केळीपण आहे, रावेरकडे यांचे नातेवाईक आहेत त्यांचं बघून."

पोरी, केळीचं आधी सांगून टाकते म्हणजे विषय संपेल. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते म्हणतेस आणि केळीला खरं पाणी लागतं ते मार्च ते जून, तेही ऊन चाळीसच्या वर गेल्यावर. जून-जुलैची मृग बाग लावा नाहीतर ऑक्टोबरच्या सुमाराची कांदे बाग लावा, दोन्हीला एक पूर्ण उन्हाळा काढावाच लागतो. रावेर-यावलवाल्यांचं पाणी वेगळं, तुमचं वेगळं. जावईबापूंना सांग, नातेवाइकांकडे जाऊन केळी खाऊन या, वावरात आणू नका.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र वाचून मला आधी हसूच आलं, राग मानू नको. कारण तू विचारतेस चुकलं कोणाचं, आणि तुझ्याच पत्रात लिहिलंय, "तुमचा एकर". अगं बाई, चार एकरातला एक एकर सासूचा कधी झाला? तिने त्यातला दाणा काय एकटीने खाल्ला? तू आकडा बोललीस पण तिच्या कानावर पडलं ते "तुम्ही तोट्यात आहात" असं. साठीच्या बाईला, जिने चाळीस वर्षं त्या वावरात वाकून काढली, तिला जेवता जेवता ताटावर हे ऐकवलंस. तिने फक्त अबोला धरला, माझी सासू असती तर ताट सरकवून उठली असती.

पण तेवढ्यावर तुला गप्प बसवणार नाही मी, हिशोब ठेवतेस हे फार चांगलं करतेस, आमच्या पिढीत दिवाळीला हातात काय उरलं तोच हिशोब असायचा. फक्त तुझी शीट अर्धी आहे. तू पिकाचा हिशोब मांडलास, वर पिकांची नावं, खाली खर्च, उत्पन्न, फायदा-तोटा. कंपनीत हे ठीक असेल. चार एकरवाल्या घराला पीक कमी पडत नाही गं, महिना कमी पडतो. कोणत्या महिन्यात डबा रिकामा असतो आणि कोणत्या महिन्यात दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं ते तुझ्या शीटमध्ये कुठेच दिसत नाही.

तेव्हा नवीन शीट उघड आणि या वेळी वर पिकं लिहू नको, महिने लिही, जूनपासून मेपर्यंत. मग काय दिसतं ते सांगते. जूनमध्ये बी, खत, मजूर, पोरांच्या वह्या-पुस्तकं, सगळं एकाच महिन्यात. जुलैत निंदणी, खताचा दुसरा डोस, फवारणीचं औषध. श्रावणात कानबाई देवीचा सण, तिचे रोट, पाहुणे, राखीला नणंदा. म्हणजे तीन महिने पैसा नुसता जातोय, आणि कपाशी वावरात हिरवीगार उभी आहे पण तिच्यातून एक रुपया सुटत नाही, पहिली वेचणी कुठे दसरा-दिवाळीला. या मधल्या भोकात पहिला पैसा कोण आणतं? मूग! साठ-सत्तर दिवसांत, पोळ्याच्या आसपास. तू लिहिलंस मुगाचे "फक्त" इतके आले. तो "फक्त" ज्या आठवड्यात आला तो आठवडा बघ ना. तेव्हा तो पैसा नसता तर कृषी केंद्राची उधारी वाढली असती आणि उधारीवर औषध घेतलं की ते देतात त्या भावाने आणि देतात त्या कंपनीचं घ्यावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. तो जादाचा पैसा तू कपाशीच्या खर्चात लिहितेस, पण मुगामुळे जो गेला नाही तो मुगाच्या नावावर लिहीत नाहीस.

दुसरी गोष्ट, भाव कुठला धरलास? तू लिहिलंस "मार्केटचा रेट". विकलेल्या मालाला मार्केटचा रेट बरोबर आहे, पण जे घरात खाल्लं त्याला किराणा दुकानाचा रेट लावायचा. कारण ते घरात नसतं तर तू मार्केट यार्डात जाऊन पोतं आणलं नसतंस, दुकानातून पाच-पाच किलोची पिशवी आणली असतीस. उडीद विकताना काय भाव आणि उडदाची डाळ आणताना काय भाव, दोन्ही तुला माहीत आहेत, मधला फरक काढ आणि वर्षाच्या किलोला गुण. कळण्याची भाकरी तुमच्याकडे रोज होत असणार, चार वाटे ज्वारी, एक वाटा सालीसकट उडीद, मीठ टाकून दळलेलं. पाच माणसांचं घर वर्षाला किती पोती खातं? ते सगळं तुझ्या शीटमध्ये शून्य आहे. आणि दादरचा कडबा? गाय काय कपाशीच्या काड्या खाणार आहे? कडबा विकत घ्यायचा झाला तर पेंढीचा भाव विचारून ये गावात, मग लिही. शेणखतही त्याच एकराच्या कडब्यातून फिरून येतं आणि तुमच्या तीन एकर कपाशीत पडतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, आमच्या घरात एकदा झालेलं आहे. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, आठवत असेल. त्या नादात आमच्याकडे त्या जूनला सगळ्याच वावरात कपाशी, मूग नाही, उडीद नाही, ज्वारीचं नावच नाही. मीपण हो म्हटलं, खोटं कशाला बोलू. दिवाळीनंतर कापूस घरी आला आणि भाव काही चढेना, तेव्हा सगळे म्हणाले थांबा, मागच्या वर्षी चढला तसा चढेल. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. जानेवारी गेला, होळी गेली, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आली. उन्हाचं वर पत्रा तापायचा आणि खाली त्या कापसातून काय बारीक किडे निघायचे देव जाणे, अंगावर पुरळ, मानेला, काखेत, लहान पोरं तर रात्रभर खाजवायची. आम्ही सगळे अंगणात बाजा टाकून झोपायचो आणि कापूस आत पंख्याखाली! लेकी आखाजीला माहेरी आल्या तर त्यांना बसायला खोली नाही. शेवटी मे महिन्यात सात हजार आणि वर काहीतरी भावाने दिला, वजनातही घट आलेली. आणि त्या पूर्ण वर्षात ज्वारी विकत, डाळी विकत, कडबा विकत. माझ्या सासूने त्या वर्षी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, केल्या नाहीत. विकतच्या ज्वारीच्या बिबड्या मी करणार नाही, असं म्हणाली आणि विषय बंद.

कपाशी वाईट असं मी म्हणत नाही हं, खान्देशात राहून कपाशीला नावं ठेवायची म्हणजे आईला नावं ठेवण्यासारखं आहे, पोरींची लग्नं तिनेच केली आमच्या. पण तिचा भाव आपल्या हातात कधीच नव्हता. 2025-26 ला हमीभाव मध्यम धाग्याला 7710 आणि लांब धाग्याला 8110 होता, त्याच वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत आयात शुल्क 11 टक्के होतं ते माफ झालं, बाहेरचा कापूस आला, आणि हमीभावाने विकायचं तर आधी अ‍ॅपवर नोंदणी, मग सेंटरला लाईन, मग ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, वर गेला की कपात. वेचलेला कापूस दोन दिवस ऊन दाखवून मगच भर, हे जाता जाता.

आणि गुलाबी बोंडअळी. 2017 साली जे झालं ते अमळनेरकडे कोणी विसरलं नसेल, बोंडं बाहेरून चांगली आणि फोडली तर आत सरकी खाल्लेली. चारही एकर एकच पीक म्हणजे तिच्यासाठी चारही एकर पंगत. तुमच्याकडे फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन उभी राखलेली कपाशी, ठेवतात का हे तू लिहिलं नाहीस. ठेवत असाल तर यंदापासून बंद करा, डिसेंबर संपला की वावरात गुरं-मेंढ्या सोडा आणि काड्या उपटून काढा. त्या दोन-चार क्विंटलच्या मोहात पुढच्या वर्षाची अळी आपणच पोसतो.

आता सासूबाईंची बाजू घेऊन झाली, थोडं त्यांच्या विरुद्धपण बोलते, हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. त्या एका एकरात फार गर्दी केलीये त्यांनी. तुरीचं बघ. मूग-उडीद पोळा-गणपतीत निघून जातात, जागा मोकळी होते, त्या बेवडावर, म्हणजे मूग-उडदाने सुधारलेल्या जमिनीत, दादर पेरायची असते सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जमिनीत ओल आहे तोवर. आणि मध्ये तूर उभी, ती जानेवारीपर्यंत हलत नाही. म्हणजे तिच्या आजूबाजूला दादरला जागा नाही, पेरणीची पाभर नीट फिरत नाही, सावली पडते ती वेगळी. तूर तिथून काढा आणि कपाशीत न्या, आठ ओळींमागे एक ओळ. कपाशीला काही होत नाही, वर्षाची डाळ निघते. तीळ तर मी सोडूनच द्या म्हणेन. कापणीला एक दिवस उशीर झाला की बोंडं फुटून अर्धा तीळ जमिनीवर, कापून पेंढ्या उभ्या केल्या आणि पाऊस आला की काळा. संक्रांतीला आणि बिबड्यांना लागतो तेवढा दोन किलो विकत आणला तर घर बुडणार नाही. त्या ऐकणार नाहीत मला माहीत आहे, मग बांधाकडेला दोन ओळी ठेवू दे त्यांच्या मनासाठी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मजुरी. मुगाच्या शेंगा तोडायला कोण जातं? उडीद उपटायला, खळ्यात बडवायला, दादर निसवली, कणसं बाहेर आली की पाखरं राखायला कोण जातं? सासूबाई. त्यांचे किती दिवस त्या एकरात गेले ते मोज आणि गावात बाईची रोजंदारी जी असेल ती त्यांच्या नावावर लाव. मग कदाचित तो एकर खरंच मायनसमध्ये जाईल, जाऊ दे, खरं काय ते कळेल. पण मग तोच नियम कपाशीलाही लाव बरं का. जावईबापूंनी पाठीवर पंप घेऊन किती दिवस फवारणी केली, तू किती दिवस वेचणीला गेलीस, रात्रीची लाईट असते म्हणून पाणी भरायला थंडीत कोण उठलं, ते सगळं कपाशीत टाक. टाकलंयस का? नाही टाकलंस, मला खात्री आहे. मजूर लावला तेवढाच लिहितात सगळे, घरचं माणूस फुकट. चुलीचं कामही मी त्यात धरलं असतं पण मग तुमच्या घरात नवीनच भांडण लागेल.

चारही एकर कपाशी मात्र नका लावू. त्या एकरात अर्धा मूग, अर्धा उडीद, पाऊस नीट पडला की लगेच, जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे ढकलू नका. मुगात वैभव, उडदात टीएयू-1, ही आपल्याकडे रुळलेली बियाणं आहेत, नाहीतर घरचंच ठेवलेलं असेल तर उत्तम. ते निघालं की दादर. मूग चाळीस दिवसांचा झाला की तू स्वतः एक झाड हळूच माती भिजवून उपट आणि मुळं बघ, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील, नखाने फोड, आत गुलाबी निघाली म्हणजे ती गाठ हवेतलं नत्र धरून जमिनीला देतेय. बायका त्याला बेवड म्हणतात, त्या नत्राचे पैसे लिहायला तुझ्या शीटमध्ये रकाना नाही पण दादरच्या धाटाची उंची सांगेल तुला.

विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी आहे ना, मग विहिरीजवळ भरताच्या वांग्याची पन्नास-साठ झाडं लाव, हे मात्र तुझं स्वतःचं. आपल्या बामणोदकडची हिरवी, मोठी, कमी बियांची. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 ला जीआय मानांकन मिळालंय, पण मानांकनाला घेऊन काय करायचं, हिवाळ्यात लोक शोधत येतात हे महत्त्वाचं. चंपाषष्ठीच्या आसपास तर विचारू नको. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही, काडीचा जाळ लवकर चढतो आणि लवकर बसतो, साल करपते पण गर पांढराच राहतो, मग लाकडी बडगीत घालून हिरवी मिरची, लसूण टाकून ठेचायचं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. जावईबापू पुण्याच्या मित्रांना बोलावतात ना हुरड्याला? त्यांच्याकडून भरीत पार्टीचे पैसे घे, लाजू नको. तो डिसेंबर-जानेवारीचा पैसा, तुझ्या महिन्याच्या शीटमध्ये दुसरी भर.

अजून एक, मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायची ई-पीक पाहणी करताना सगळे कपाशी तेवढी नोंदवून मोकळे होतात. मूग-उडीदही नोंदव, अर्ध्या अर्ध्या एकराचे का असेना. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर हमीभावाने विकता येत नाही आणि ऐन काढणीत पावसाने उडीद कोंब धरून बसला तर नुकसानभरपाईला तोंड नाही. पीक विम्याचा एक रुपयावाला काळ 2025 च्या खरिपापासून गेला, आता मुगा-उडदाला विमा रकमेच्या 2 टक्के आणि कपाशीला 5 टक्के आपला हप्ता, तेही जूनच्या खर्चात धर.

राहिला अबोला. माफी वगैरे मागायला जाऊ नको, तसं आपल्याकडे कोणी कोणाची मागत नाही, उलट त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. आखाजीला पंधरा दिवस आहेत, म्हणजे त्यांच्या बिबड्यांची ज्वारी भिजत पडली असेल नाहीतर पडेल. तीन दिवस भिजते ती. शिजवायच्या दिवशी पहाटे उठून कढईत दांडा तू फिरव, तिथे कळेल हाताला किती जड जातं ते, आणि बाजेवर ओल्या धोतरावर थापायला बसाल तेव्हा मोबाईल जवळ ठेव. थापता थापता विचार, आई, मामंजी होते तेव्हा घरात पैसा कुठल्या महिन्यात संपायचा? एवढंच विचार आणि मध्ये बोलू नको. त्या सांगायला लागतील, कोणत्या साली मुगावर पोराची फी भरली, कोणत्या साली उडीद खळ्यातच सडला, दुष्काळात कडबा कुठून आणला. ऐक आणि लिही, तुझ्या तीन वर्षांच्या शीटला चाळीस वर्षं जोडली जातील.

जाता जाता एक काम दोघींनी मिळून करायचं. घरचा मूग बियाण्याला ठेवलाय ना, त्यातले शंभर दाणे मोजून घ्या, न निवडता, हाताला येतील तसे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, माठाखाली सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांनी उघडून कोंब आलेले मोजा. 75 च्या वर निघाले तर बी घरचंच वापरा, कमी निघाले तर आताच नवीन बघा, जूनमध्ये दुकानात गर्दी असते. मोजायला त्यांना दे, तू आकडा लिही.

— मावशी